डोहाचे भागधारक

संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली. "कामाबद्दल लिहा, पण पत्रक लिहू नका." अट बरोबर आहे आणि माझ्यासाठी जाचकही. कामाला लागल्यापासून मी दुसरं काही लिहिलेलंच नाही. आठवणी लिहायचं माझं वय नव्हे, असं घरचेही म्हणतात. पण ज्या डोहाबद्दल मी लिहिणार आहे तो मी काठोकाठ भरलेला पाहिला आणि तळाला भेगा पडलेलाही पाहिला. मध्ये जेमतेम चार-पाच वर्षं गेली. एवढ्यात ज्याला म्हातारपण येऊ शकतं त्या गोष्टीच्या आठवणी लिहायला माझ्या वयाची अडचण नसावी.

आधी धंदा सांगते. नदीच्या कामाची आमची एक छोटी समिती आहे. साताऱ्यात एक खोली, एक टेबल, एक सायकल. मी तिथली पूर्णवेळ कार्यकर्ती. मानधन मिळतं, किती ते विचारू नका, लग्नाच्या बाजारात विचारलं तेव्हाही सांगितलं नव्हतं. काम म्हणजे नदीकाठची गावं फिरायची, पाहायचं, विचारायचं, परत येऊन पत्रक लिहायचं, छापायचं आणि वाटायचं. पत्रकाचे नियम आम्हाला पाठ असतात. एक पान, एक शत्रू, एक मागणी. मथळा एस.टी.च्या खिडकीतून वाचता आला पाहिजे. कागद सगळ्यांत स्वस्त, गुलाबी नाहीतर पिवळा. त्या कागदाचं पुढे काय होतं तेही आम्हाला माहीत असतं. लोणंदच्या बाजारात सकाळी वाटलेल्या पत्रकात मी दुपारी स्वतः भजी खाल्ली आहेत. वाईच्या घाटावर एकदा कृष्णेचं चित्र छापलेलं पत्रक वाटत होते. 'नदीत काहीही टाकू नका' असा मथळा. एका सोवळ्यातल्या गृहस्थांनी ते घेतलं, चित्र पाहून डोळ्यांना लावलं आणि भक्तिभावानं पाण्यात सोडून दिलं.

आमच्या पत्रकात 'गुंतवणूकदार' हा शब्द शिवीसारखा यायचा. नफेखोर, भांडवलदार, गुंतवणूकदार, अशी रांगच लागायची. ज्याच्याजवळ शेअरचं सर्टिफिकेट आहे असा एक तरी माणूस मी तोवर जवळून पाहिला होता का? पाहिला असणार, पण तो ते कपाटात ठेवत असेल. मग पब्लिक इश्यूंचा हंगाम आला. ज्यांना आठवतो त्यांना आठवतो. बँकेत, पानाच्या गादीवर, दवाखान्यात, जिथे बघावं तिथे अर्जांचे गठ्ठे. वाईतले निवृत्त मास्तर, मिरजेतले कंपाउंडर, पलटणीतून सुट्टीवर आलेले जवान, सगळे अर्ज भरत होते. त्याच हंगामात आमच्या भागात मक्यापासून स्टार्च काढणारी एक कंपनी आली. नाव लिहीत नाही. गावाचंही लिहीत नाही, त्या गावानं पुरेसं सोसलं आहे.

गाव सातारा आणि सांगलीच्या हद्दीवरचं. कृष्णेला जाऊन मिळणारी एक छोटी नदी तिथून वाहते, म्हणजे होळीपर्यंत वाहते. नंतर ती तुटक तुटक होते आणि जागोजाग डबकी उरतात. या गावाजवळ मात्र एक डोह होता. ऐन वैशाखात काळाभोर. काठावर करंज, जांभळी आणि उंबर असे दाटलेले की दुपारीही तिथे सावली गार लागायची. काठावर शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरांचा डोह म्हणून कुणी त्यात जाळं टाकायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, मोट लावायची नाही. पुढे मोटारी आल्या तेव्हा मोटारही लावायची नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी ठराव केला नाही. नदीच्या वर-खाली मोटारी बसल्या, डोह तेवढा सोडला. लोक काठावर उभे राहून मूठभर चुरमुरे टाकायचे आणि हाताएवढे मासे वर यायचे. मी ते पाहिलं आहे. पहाटे गेलं तर पाणमांजरंही दिसायची, त्यांच्या ओल्या पाठी. काठाच्या चिखलात शिंपल्यांचा खच असायचा.

कंपनीचा इंजिनिअर मे महिन्यात आला. त्यानं दोरीला वजन बांधून डोहात सोडलं. दोरी संपली तरी तळ लागेना. साहेब खूश. 'बारमाही पाण्याचा स्रोत' असं प्रकल्प अहवालात आलं, तिथून बँकेच्या कर्जाच्या कागदात आलं आणि तिथून पब्लिक इश्यूच्या माहितीपत्रकात. त्या माहितीपत्रकात जोखमींचा एक भाग असतो, बारीक टायपात. मक्याचा भाव पडला तर काय, वीज गेली तर काय, स्पर्धा वाढली तर काय, सगळं होतं. पाण्याचं नाव नव्हतं. सगळी नदी कोरडी असताना याच एका ठिकाणी पाणी का आहे, हे एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकानंही विचारलं नव्हतं! उत्तर तर काठावर शेंदूर लावून मांडून ठेवलेलं होतं.

आम्ही पत्रक काढलं. मथळा माझाच. 'कंपनी सगळा डोह पिणार!' मिरजेत ते वाटत मी दवाखान्यांच्या गल्लीत गेले. तिथे शेअरचे अर्ज विकणारा एक एजंट बसायचा. त्याला सगळे शेअरकाका म्हणत. एका दवाखान्याच्या जिन्याखाली स्टूल आणि टेबल, पेशंटचे नातेवाईक ताटकळत बसले की त्यांना अर्ज विकायचा. मी त्याच्या टेबलावर पत्रक आपटलं. त्यानं चष्मा लावून नीट वाचलं.

"ताई, अजून आहेत का?"

"कशाला?"

"द्या की शंभरेक. अहो, काल एकानं हे वाचलं आणि लगेच दोन अर्ज नेले. म्हणाला, अख्खा डोह प्यायला लागतोय म्हणजे केवढा माल काढणार! तुमच्या समितीला कमिशन नको का?"

मी पत्रक उचलून तिथून निघाले. पत्रकाचा मथळा एस.टी.च्या खिडकीतून वाचता आला पाहिजे, हे शिकवतात. वाचणारा माणूस काय वाचेल, हे शिकवत नाहीत.

गावात कंपनीला वाट मोकळी करून दिली ती सुभेदार दौलतरावांनी. त्यांना गाव दौलतआप्पा म्हणे. सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले, ताठ, आवाज परेडच्या मैदानाचा. गावातल्या घराघरातून कुणी ना कुणी पलटणीत, त्यामुळे आप्पांचा शब्द गावात हुकमासारखा चाले. आप्पांनी स्वतःची पेन्शन विकून आलेली रक्कम शेअरमध्ये घातली होती. आणि गावातल्या सगळ्या माजी सैनिकांना बसवून त्यांचे अर्ज स्वतः भरून दिले होते. 'कंपनी आपल्या पाण्यावर चालणार, मग मालक पुण्या-मुंबईचेच का? आपुन का न्हाई?' हा त्यांचा मुद्दा. मला तो तेव्हा लबाडीचा वाटला. आता तितका वाटत नाही.

डोहाच्या पाण्याला हात लावायचा तर आसरांना विचारायला हवं होतं. कौल लावला. दगडावर डावीकडे-उजवीकडे फुलं लावायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर होकार. प्रश्न असा विचारला: एकट्या कंपनीला पाणी उचलू द्यावं का? उजवं फूल पडलं. कंपनीनं आसरांची खणा-नारळानं ओटी भरली आणि वर सिमेंटचा मंडप बांधून दिला. काठावरची झाडं थोडी आड येत होती, ती काढली. डोहात जॅकवेल उभी राहिली. जॅकवेल म्हणजे पाणी उचलायची उंच गोल विहीर, नदीच्या पात्रातच बांधलेली. लांबून किल्ल्याच्या बुरुजासारखी दिसते.

तेव्हा आप्पांची आणि माझी पहिली गाठ पडली. मी मंडपाजवळ पत्रकं वाटत होते.

"ए पोरी, तूच काय ती कागदवाली?"

"हो. तुम्ही सुभेदार?"

"व्हय. लिवतीस झणझणीत. पर एक सांग, ह्या गावच्या पोरांनी किती पिढ्या बंदूकच खांद्यावर घ्यायची? आं? गावात कारखाना आला तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"माझ्या पोटात नाही दुखत आप्पा. दोन वर्षांनी तुमच्या घशात कोरड पडेल."

माणसं हसली. आप्पाही हसले. "लय तिखट हाय. घरी नवरा न्हाई वाटतं?"

"तुमच्या पलटणीतला एखादा शोधा. पण डोह राखणारा पाहिजे."

असं आमचं सुरू झालं. कारखाना सुरू झाला. पहिल्या वर्षी लाभांश मिळाला आणि गावातल्या माजी सैनिकांनी आसरांपुढे गोड नैवेद्य केला. शेअरचा भाव वर गेला. माझं तोंड बंद.

पुढचं घडलं ते कंपनीनं केलं असं पत्रकात लिहायला मला फार आवडलं असतं. एक पान, एक शत्रू. पण झालं ते असं. आप्पांच्या पुतण्यानं, शिवाजीनं, पुढच्या कार्तिकात डोहाला मोटार लावली. आप्पा त्याला बोलायला गेले. तो म्हणाला, "आवं आप्पा, परक्या कंपनीला देवाचं पानी चालतंय आन् घरच्या उसाला चालत न्हाई व्हय?" आप्पा तसेच परतले. मोटार राहिली. मग शेजारच्यानं लावली. मग त्याच्या शेजारच्यानं. कौल एकट्या कंपनीचा घेतला होता, पण एकदा एकानं उचललं की बाकीच्यांना कुठल्या तोंडानं अडवणार? आजवर डोह अडवला होता तो भिंतीनं नाही. कुणीच हात लावत नाही म्हणून कुणीच लावत नव्हतं. कंपनीनं त्या पाण्याची परवानगी सरकारकडून घेतली, देवाकडून घेतली, गावाकडून घेतली. तिच्या सगळ्या भांडवलाखाली काय होतं? लोकांचा संकोच. तो तिनं पहिल्याच दिवशी मोडला होता.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. कारखान्याचं आंबूस वासाचं पाणी जॅकवेलच्या खालच्या बाजूला सोडलं होतं. खालचं पाणी वर कसं येईल, असा हिशोब. वाहत्या पाण्याला वर-खाली असतं. उन्हाळ्यात नदी थांबली की डोहाला कसलं वर आणि कसलं खाली? ते पाणी डोहातच फिरलं. एका सकाळी मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. बायका पाण्याच्या कळशा रिकाम्या घेऊन परतल्या. एक म्हातारी दगडांपुढे बसून म्हणत होती, "बायांनो, तुमच्या लेकरांना आमी पोसलं आन् आमीच मारलं." मी नाकाला पदर लावून फोटो काढले. पाणमांजरं त्यानंतर दिसली नाहीत. कुठे गेली, मेली की पळाली, कुणाला ठाऊक.

मासे मेल्यानं कंपनीला काय फरक पडतो, असं मला सांगलीच्या एका बँकेच्या साहेबांनी विचारलं होतं. त्यांच्याच बँकेनं कर्ज दिलं होतं. इथे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मासे, शिंपले, गोगलगायी पाणी साफ ठेवतात म्हणा ना. शेवाळ खातात, गाळ खातात, सडकं खातात. ते गेले तसं डोहात शेवाळ माजलं. ते जॅकवेलच्या जाळीत अडकायला लागलं. पाणी गाळायचा खर्च वाढला. पंप बंद पडू लागले. काठावरची झाडं गेल्यानं पहिल्याच मोठ्या पावसात दरड घसरली आणि तिची माती डोहात बसली. इंजिनिअरच्या दोरीला जिथे तळ लागला नव्हता तिथे आता बांबूला लागत होता. एक मासा, एक शिंपला, एक करंज, एक संकोच. यातलं काही माहितीपत्रकात मालमत्ता म्हणून लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते गेल्याचं नुकसानही कुठे लिहिलं गेलं नाही. कागदावर कंपनी फायद्यात होती. शेअरचा भाव चढाच होता.

त्या फाल्गुनात आप्पा आमच्या साताऱ्याच्या खोलीवर आले. आधी कधी आले नव्हते. पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले, कारण खुर्ची एकच. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरी, एक खरं सांग. कागदातलं नगं. पानी टिकंल का न्हाई?"

मी पत्रकातलं बोलले नाही. "आणखी एक उन्हाळा. फार तर दोन. मग नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी टोपी उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मिरजेचा त्यो शेअरवाला म्हनतोय, आप्पा आत्ता इका, भाव लय भारी हाय. इकू?"

इतकी पत्रकं लिहिली, सभांतून घसा फोडला, पण 'गुंतवणूकदारानं काय करावं' हा प्रश्न आमच्यात कधी आलाच नव्हता. गुंतवणूकदार हा पराभूत व्हायचा असतो, एवढंच ठरलेलं. इथे तो माझ्यासमोर गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता आणि त्याचं म्हातारपण त्या कागदांत होतं.

"विका," मी म्हणाले. "तुमचे पैसे तरी वाचतील."

"आन् घील कोन?"

"घेईल कुणीतरी. बाजारात गिऱ्हाईक असतंच."

"असंल एखादा वाईचा मास्तर. न्हाईतर माझ्यासारखाच कुनी फौजी. त्येच्या गळ्यात म्या मेल्याला डोह बांधायचा? आन् गावात माझ्या शब्दावर ज्यांनी अर्ज भरलं, त्येंनी काय करायचं? समद्यांनी एकदम इकाया काढलं तर भाव ऱ्हातोय व्हय? सुभेदार आदी पळाला म्हनत्याल."

"मग काय करणार?"

"कंपनीची वार्षिक सभा हाय सांगलीला. मालक हाय मी. मालकागत इचारतो. कंपनीनं ऐकलं तर पानी बी ऱ्हाईल आन् पैसं बी. गेलो तर माज्याबरूबर येशील?"

त्यांना काय विचारायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मी लिहिलेले पाच मुद्दे त्यांनी वाचले आणि एकच ठेवला. "सभेत एकच गोळी मारायची. पाच मारल्या की शत्रूला वाटतं दारूगोळा जास्त झालाय."

सभा सांगलीच्या एका मंगल कार्यालयात होती. मी भागधारक नव्हते, पण दारावरच्या वॉचमननं आप्पांना पाहिलं आणि टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. त्यांच्याच पलटणीतला. "ह्या माझ्यासंगं हायत," आप्पा म्हणाले. पुढे कुणी विचारलं नाही.

ज्यांनी अशी सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. हॉलच्या पुढच्या भागात स्टेज, हार, चेअरमन, संचालक. मागच्या भागात टेबलावर फराळाच्या पुड्या आणि स्टीलच्या डब्यांची चळत. सभेला येईल त्या भागधारकाला एक पुडी आणि एक डबा. येणाऱ्यांचे डोळे स्टेजकडे आणि पाय डब्यांकडे. सकाळपासून लोक आले होते, सहकुटुंब. चेअरमननं प्रगतीचं भाषण केलं. शेवटी औपचारिकपणे विचारलं, "कुणाला काही शंका?" आणि उत्तराची वाट न पाहता ते खाली बसू लागले.

आप्पा उभे राहिले. माइक मागितला नाही, त्यांना लागत नाही.

"चेअरमनसाहेब, मी सुभेदार दौलतराव. तुमचा भागधारक. डोहाच्या गावचा. वैशाखात डोहात पानी नसंल तवा कारखाना कशावर चालवनार?"

चेअरमन हसले. गोड, सवयीचं हसू. "सुभेदारसाहेब, आपल्या अहवालात स्पष्ट आहे. स्रोत बारमाही आहे. तज्ज्ञांनी मोजलेला आहे."

"तज्ज्ञ कवा आलं व्हतं? चार वर्सांमागं. आता बांबू तळाला लागतोय. मी स्वतः लावून बघितलाय. कंपनीनं उन्हाळ्यात उचल निम्मी करावी, घान पानी डोहात सोडू नये. मग मी गावाला मोटारी काढाया लावतो. माझा शब्द हाय. पानी वाचलं तर आपलं समद्यांचं शेअर वाचत्याल."

इतकं साधं, इतकं नेमकं. सौदा होता तो. कंपनीच्या फायद्याचा. एखाद्या संचालकानं वही काढून लिहून घ्यायला हवं होतं. चेअरमन म्हणाले, "आपली सूचना नोंदवून घेतली आहे." कुणीच काही नोंदवलं नव्हतं. मी बघत होते, एकाही हातात पेन नव्हतं.

आणि तेवढ्यात मागून एका भागधारकाचा आवाज आला, "अहो सुभेदार, बसा की! पुड्या गार व्हायला लागल्यात." हशा. दुसरा म्हणाला, "एवढी काळजी असेल तर विका तुमचे. मी घेतो." आणखी हशा. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मला समजावलं, "म्हातारी माणसं असं करतात हो कुठल्याही सभेत."

मी उठून बोलणार होते. आप्पांनी माझा हात दाबून खाली बसवलं. ठराव मंजूर झाले, हात वर झाले, सभा संपली. दारात त्यांच्या हातात कुणीतरी पुडी आणि डबा ठेवला. त्यांनी डबा वॉचमनच्या हातात दिला. "घे रं, तुझ्या पोरांना." आम्ही एस.टी. स्टँडवर आलो. गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्यो म्हनाला की, मी घेतो म्हून. उद्या सकाळी त्येच्याकडं जाऊन समदं इकलं असतं तर?"

"तर तुम्ही सुटला असता."

"व्हय," ते म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

त्यांनी विकले नाहीत. पुढच्या वैशाखात डोह आटला. गाळाला भेगा पडल्या, भेगांत शिंपल्यांची पांढरी टरफलं. जॅकवेल वाळूत एकटी उभी. कारखान्याच्या गेटवर 'तात्पुरता बंद' अशी पाटी लागली. ती अजून आहे. गावात प्यायच्या पाण्याचा टँकर सुरू झाला. ज्या गावाला कधी टँकर माहीत नव्हता त्या गावात! बँकेनं मशिनरी ताब्यात घेतली. चेअरमन दुसऱ्या कंपनीचे चेअरमन झाले. तज्ज्ञ दुसरीकडे तज्ज्ञ आहेत. शेअरकाका आता दवाखान्याच्या त्याच जिन्याखाली लॉटरी विकतो. तो मला म्हणाला, "ताई, तेव्हा तुमचं खरं होतं. पण ते खरं असून कुणाला काय उपयोग झाला?" या प्रश्नानं मी अजून जळते. त्याच्यावर नाही. ते खरं विचारण्यासाठीच ज्यांना पगार मिळत होता, त्यांच्यावर.

पहिल्या पावसानंतर आप्पा पुन्हा खोलीवर आले. खूप वाळले होते. पण आवाज तोच.

"एक कागद छापायचाय."

"समितीचा?"

"न्हाई. माझा. माझ्या नावानं. लिव." मी पेन घेतलं. त्यांनी उभं राहून सांगितलं, ऑर्डर वाचून दाखवावी तसं. "गावकरी मंडळी. मी सांगितलं म्हून तुमी पैसं घातलं. ते गेलं. मी ते परत देऊ शकत न्हाई. आता मी सांगतो म्हून डोहाच्या मोटारी काढा. पहिली मोटार माझ्या घरची निघंल. सुभेदार दौलतराव."

मी त्याखाली कंपनीबद्दल दोन ओळी घातल्या. खरपूस. त्यांनी वाचून पेनानं खोडल्या. "त्ये तुझं. ह्ये माझं."

"आप्पा, कौल लावणार का परत?"

"न्हाई. आसरांना कितीदा इचारायचं? ह्या बारीला त्यांनी आमाला इचारलंय."

मी आजवर काढलेल्या पत्रकांत ते एकच असं आहे ज्यात भजी बांधलेली मी पाहिली नाही. गावात ते घराघरात गेलं. शिवाजीची मोटार आप्पांनी बैलगाडीत घालून भर दुपारी चावडीपुढून नेली. शिवाजी मागून चालत होता, मान खाली. त्याचा नदीकाठचा ऊस त्या वर्षी वाळला. काही माजी सैनिकांनी मोटारी काढल्या. काहींनी नाही काढल्या, अजून नाहीत. एकानं आप्पांना तोंडावर सांगितलं, "तुमचं ऐकून एकदा बुडालो, आता पुन्यांदा न्हाई." आप्पा म्हणाले, "बरूबर हाय तुजं," आणि पुढच्या घरी गेले.

डोह पहिल्यासारखा झालेला नाही. होणारही नाही, आमच्या हयातीत तरी. गाळ आहे, झाडं नाहीत, पाणमांजरं नाहीत. पण गेल्या वैशाखात छातीभर पाणी टिकलं. आप्पा रोज संध्याकाळी मूठभर चुरमुरे टाकतात. चुरमुरे तरंगत काठाला लागतात. आता मधूनच एखादा खालून गायब होतो. बारका मासा असेल. आप्पा त्याबद्दल काही बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

त्याच वैशाखात मी त्यांच्यासोबत काठावर बसले होते. एक जीप आली. पँट दुमडलेला एक तरुण इंजिनिअर उतरला, वयानं माझ्याएवढाच असेल. कुठल्या तरी नव्या प्रकल्पाचा. त्यानं दोरीला वजन बांधलं, जुन्या जॅकवेलच्या कट्ट्यावर चढला आणि दोरी पाण्यात सोडली. सगळी नदी कोरडी आणि इथे पाणी. त्याचा चेहरा उजळला.

आप्पा काठी टेकत उठले. त्याच्याजवळ गेले, दोरी कुठवर भिजलीय ते वाकून पाहिलं.

"साहेब, वर घ्या दोरी," ते म्हणाले. "ह्ये पानी उरल्यालं न्हाई. ह्ये ठेवल्यालं हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो ओली दोरी हातावर गुंडाळत आप्पांना म्हणाला, "कुणी ठेवलंय?"

"बसा," आप्पा म्हणाले. "सांगतो."